गांजा आणि ख्रिस्ती विवेकबुद्धी

ख्रिस्ती नीतिशास्त्रात गांजाची चर्चा सुरू होते तीच एका अडचणीपासून. ज्या ग्रंथाला ख्रिस्ती माणूस श्रद्धेचे आणि आचरणाचे प्रमाण मानतो त्या बायबलमध्ये या वनस्पतीविषयी आज्ञाही नाही आणि निषेधही नाही. द्राक्षारसाविषयी बायबल भरभरून बोलते, कधी त्याची स्तुती करते तर कधी त्याचे दुष्परिणाम तपशिलाने दाखवते. गांजाविषयीचा निर्णय मात्र साधर्म्यावरूनच करावा लागतो, म्हणजे जी गोष्ट शास्त्रात आली आहे तिच्याशी ही न आलेली गोष्ट कितपत जुळते हे पाहूनच. त्यामुळे गांजाला कशाच्या रांगेत बसवायचे, हाच वादाचा खरा मुद्दा ठरतो. त्याला देवाने निर्माण केलेली एक वनस्पती मानले तर एक उत्तर येते, मद्याचा भाऊबंद मानले तर दुसरे, औषध मानले तर तिसरे, आणि मूर्तीपुढच्या नैवेद्याप्रमाणे परधर्माच्या उपासनेचा भाग मानले तर चौथेच. या चारांपैकी मद्याचे साधर्म्य सर्वांत जवळचे आहे. परंतु ते शेवटपर्यंत नेले तर सरसकट निषेध करणाऱ्यांची जितकी पंचाईत होते तितकीच समर्थकांचीही होते, आणि म्हणूनच बहुधा दोन्ही बाजू त्याला अर्ध्या वाटेतच सोडून देतात.

भांगेच्या झाडाची पाने म्हणजे भांग, मादी झाडाचे चिकट राळेने भरलेले फुलोरे म्हणजे गांजा, आणि तीच राळ वेगळी काढली की चरस. या तिन्हींची नशा मुख्यतः टीएचसी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एकाच द्रव्यामुळे येते, जे १९६४ मध्ये इस्राएलमधील येहिएल गाओनी आणि राफाएल मेशूलाम या रसायनशास्त्रज्ञांनी शुद्ध स्वरूपात वेगळे केले. नीतीचा प्रश्न या द्रव्याच्या मनावर होणाऱ्या परिणामाचा आहे. झाडाच्या धाग्याचा, बियांचा किंवा तेलाचा नाही.

समर्थकांचा सर्वांत प्रचलित युक्तिवाद उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातून येतो, जिथे देव मानवाला बीज देणारी प्रत्येक वनस्पती देऊ करतो. हा युक्तिवाद फार काळ टिकत नाही, कारण त्या वचनाचा विषय अन्न हा आहे आणि बीज देणाऱ्या वनस्पतींत धोतरा आणि कण्हेरही येतात. सृष्टी चांगली आहे या सिद्धान्तावरून सृष्टीतील प्रत्येक वस्तूचा प्रत्येक वापर चांगला आहे असे निष्पन्न होत नाही. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात देवाने निर्माण केलेले काहीच टाकाऊ नाही असे जे म्हटले आहे तेही विवाह आणि काही अन्नपदार्थ निषिद्ध ठरवणाऱ्या विरक्तिवाद्यांना दिलेले उत्तर आहे.

याहून रंजक, आणि म्हणूनच अधिक पसरलेला, दावा पुरातत्त्वाचा आहे. पोलंडमध्ये जन्मलेल्या मानववंशशास्त्रज्ञ सुला बेनेट यांनी १९३६ मध्ये असे मांडले की, निर्गमाच्या तिसाव्या अध्यायात अभिषेकाच्या पवित्र तेलासाठी जे सुगंधी बोरू सांगितले आहे ते भांगेचे झाडच होय. बहुतेक अभ्यासकांना हे पटलेले नाही. त्यांच्या मते ते वेखंडासारखे किंवा एखाद्या सुवासिक गवतासारखे काही असावे. पण २०२० मध्ये दक्षिण इस्राएलमधील तेल अराद येथील यहूदी देवस्थानातल्या वेदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि ख्रिस्तपूर्व आठव्या शतकातल्या दोन वेदींपैकी लहान वेदीवर जनावरांच्या शेणात मिसळून जाळलेल्या भांगेचे, टीएचसीसह, अवशेष सापडल्याचे त्यात दिसले. मोठ्या वेदीवर ऊद आणि चरबी होती. या शोधाने यहूदाच्या राज्यात, निदान एका ठिकाणी, उपासनेत ही वनस्पती जळत होती एवढे निश्चित होते. त्यावरून ती जाळणे योग्य होते असे मात्र ठरत नाही, कारण यहूदाच्या देवस्थानांत जे जे चालत होते त्याविषयी संदेष्ट्यांची मते काही फारशी गौरवाची नव्हती. बेनेट यांचा तर्क खरा मानला तरी समर्थकांच्या हाती काही लागत नाही. ज्या अध्यायावर तो उभा आहे त्याच अध्यायात पुढे, हे तेल जो कोणी सामान्य माणसाच्या अंगाला लावील किंवा त्यासारखे स्वतःसाठी बनवील त्याला समाजातून बाहेर काढावे, असा कडक दंडक घातलेला आहे. गांजा खरोखरच त्या तेलात होता असे सिद्ध झाले, तर त्याच्या खाजगी वापराविरुद्धचे बायबलमधील ते सर्वांत स्पष्ट वचन ठरेल.

विरोधकांचे काही युक्तिवादही तितकेच कच्चे आहेत. शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे हे वचन व्यासपीठावरून वारंवार ऐकवले जाते. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात ते वेश्यागमनाच्या संदर्भात आले आहे आणि त्याचा विस्तार आरोग्याला अपाय करणाऱ्या प्रत्येक गोष्टीपर्यंत करायचा झाला तर मंगलकार्यातील जेवणावळीही त्यातून सुटणार नाहीत. एकोणिसाव्या शतकातील लंडनचे ख्यातनाम बाप्तिस्ट उपदेशक चार्ल्स स्पर्जन सिगार ओढत असत, आणि १८७४ मध्ये त्यावरून गदारोळ झाला तेव्हा आपण देवाच्या गौरवासाठीच ती ओढतो असे त्यांनी बेधडक सांगितले. मंदिराचे वचन त्यांना पाठ नव्हते असे कोणी म्हणणार नाही.

दुसरा युक्तिवाद कायद्याचा. रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायानुसार सत्तेच्या अधीन राहणे हे ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य असल्याने, जिथे गांजा बेकायदा आहे तिथे तो ओढणे हे पाप आहे. हा तर्क बरोबर आहे, परंतु त्याचा आवाका तेवढाच आहे. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने २०१२ मध्ये मतदानाने मोकळीक दिली, कॅनडाने २०१८ मध्ये आणि जर्मनीने, मर्यादित स्वरूपात, २०२४ मध्ये दिली, आणि तिथल्या पाळकांना अचानक कळून चुकले की इतकी वर्षे एकाच खुंटीवर सगळा भार टांगल्यामुळे दुसरे कारण त्यांनी कधी तयारच केले नव्हते. भारतात तर १९८५ च्या अमली पदार्थविरोधी केंद्रीय कायद्याने गांजा म्हणजे फुलोरे अशी व्याख्या करून नुसती पाने तिच्याबाहेर ठेवली, त्यामुळे एकाच झाडाचा शेंडा केंद्राच्या कायद्याखाली आणि पान राज्याच्या कायद्याखाली येते. नीतीची रेषा अशा सीमारेषांमागून चालू शकत नाही.

म्हणून पुन्हा मद्याकडे वळावे लागते. स्तोत्रसंहितेतील एकशे चौथे स्तोत्र मानवाच्या अंतःकरणाला आनंद देणारा द्राक्षारस हे देवाचे दान मानते, काना गावच्या लग्नात येशू पाण्याचा द्राक्षारस करतो, पौलाच्या नावाचे पत्र तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगते. दुसरीकडे नोहा मद्याने धुंद होऊन तंबूत उघडा पडतो, नीतिसूत्रांचा तेविसावा अध्याय दारुड्याच्या झिंगलेल्या अवस्थेचे जवळजवळ वैद्यकीय वर्णन करतो, आणि गलतीकरांस पत्रात मद्यधुंदी व रंगेलपणा देवाच्या राज्याचा वारसा न मिळणाऱ्यांच्या यादीत येतात. चौथ्या शतकात अंत्युखिया नगरीत जॉन क्रिसोस्टम यांनी या दोन टोकांची सांगड घालताना द्राक्षारस देवाकडून आणि मद्यधुंदी सैतानाकडून असे विभाजन केले, आणि पुढची सारी परंपरा, पूर्वेची आणि पश्चिमेची, याच वाटेने गेली. दोष पदार्थात नाही, माणसाने त्याच्याद्वारे स्वतःचे जे करून घेतले त्यात आहे.

हे नेमके काय करून घेणे, याचे सर्वांत काटेकोर उत्तर तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी दिले. त्यांच्या 'सुम्मा' या ग्रंथात मद्यधुंदीचे तीन प्रकार केलेले आहेत. पेयाची तीव्रता ठाऊक नसताना माणूस धुंद झाला तर त्याला पाप लागत नाही, आणि नोहाचे असेच झाले असावे असे ते मानतात. आपण प्रमाणाबाहेर पितो आहोत हे कळत असून त्याने धुंदी येईल असे वाटले नाही तर ते लहान पाप. पण धुंदी येणार हे पुरते ठाऊक असून, न पिण्यापेक्षा धुंद होणे ज्याने पत्करले, त्याचे पाप गंभीर, म्हणजे देवाशी असलेले नातेच तोडणारे. कारण ज्या विवेकशक्तीने माणूस सत्कर्म करतो आणि पाप टाळतो तिलाच तो जाणूनबुजून दूर सारतो. इथे एक शंका निघते आणि अक्वायनस यांनी ती अन्य एका प्रकरणात स्वतःच उपस्थित केली आहे: विवेकाचे काम काही काळ थांबणे हेच पाप असेल तर झोपणेही पाप ठरेल. त्यांचे उत्तर असे की, विवेकाला धरूनच विवेकाला विसावा दिला तर त्यात दोष नाही. दोष आहे तो विवेकाविरुद्ध त्याला हाकलून देण्यात.

हे उत्तर गांजाला लावले की चित्र दिसते तितके सोपे राहत नाही. आजचे बहुतेक इव्हँजेलिकल लेखक, म्हणजे बायबलचे प्रामाण्य आणि व्यक्तिगत परिवर्तन यांवर भर देणाऱ्या प्रॉटेस्टंट प्रवाहातले, असा भेद करतात की, मद्य अन्नासोबत, चवीसाठी, सणासाठी घेता येते आणि धुंदीच्या अलीकडे थांबता येते, परंतु गांजा केवळ धुंदीसाठीच घेतला जातो आणि म्हणून त्याला संयमित वापराची जागाच नाही. या युक्तिवादात एक धर्मशास्त्रीय विधान आहे आणि एक वस्तुस्थितीचे. धर्मशास्त्रीय विधान असे गृहीत धरते की, मनाची अवस्था बदलण्यासाठी काही घेणे हेच सदोष आहे. पण स्तोत्रकर्ता द्राक्षारसाची स्तुती त्याच्या चवीसाठी करत नाही, अंतःकरणावर होणाऱ्या परिणामासाठीच करतो. एका पेल्याने मिळणारा प्रसन्नपणा निर्दोष असेल, तर तितकाच प्रसन्नपणा दुसऱ्या वनस्पतीने दिला म्हणून सदोष ठरत नाही. उरते ते वस्तुस्थितीचे विधान, आणि ते मात्रेवर अवलंबून आहे. अमेरिकेत जप्त केलेल्या गांजातील टीएचसीचे सरासरी प्रमाण १९९५ च्या सुमारास सुमारे ४ टक्के होते, ते २०१४ पर्यंत सुमारे १२ टक्क्यांवर गेले, आणि दुकानांत विकले जाणारे अर्क त्याच्या कितीतरी पुढे आहेत. प्रसन्नपणा आणि धुंदी यांच्यामधली पट्टी त्यामुळे अरुंद झाली आहे. प्रत्येक झुरका म्हणजे धुंदी हे विधान टिकत नाही. पण जो गांजा मद्यासारखाच आहे म्हणतो त्याने मद्याची मर्यादाही स्वीकारली पाहिजे, आणि मौजेखातर गांजा ओढणाऱ्यांपैकी पुष्कळांना जी अवस्था हवी असते ती नेमकी अक्वायनस यांच्या तिसऱ्या प्रकारात मोडते.

नव्या करारातील सावधपणाची कल्पना याहूनही व्यापक आहे. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात आणि पेत्राच्या पहिल्या पत्रात सावध राहा, जागे राहा असा जोडउपदेश येतो, आणि त्यामागे प्रभू केव्हाही येईल या अपेक्षेत जगणारा समाज आहे. शुद्धीवर राहायचे ते प्रकृतीसाठी नव्हे. पहारा आहे म्हणून. या पहाऱ्याचा रोजचा व्यवहार म्हणजे शेजाऱ्याची गरज दिसली की उठता येणे, आणि रात्री तापाने फणफणलेल्या मुलाला दवाखान्यात न्यायची वेळ आली असता बाप गांजाच्या तारेत असेल तर त्याने कोणत्या वचनाचा भंग केला याचा शोध घेत बसण्याची गरज उरत नाही. गांजाचा शांतपणा हा या दृष्टीने मद्याच्या दंग्यापेक्षा निरुपद्रवी आहे, असे समर्थक सांगतात. मात्र परंपरेने आळसालाही सात प्रमुख दोषांत गणले आहे, आणि तो दोषही शांतच असतो.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतल्या मद्यनिषेधाच्या चळवळीने संयमाची जागा संपूर्ण वर्ज्यतेला दिली, इतकी की १८६९ मध्ये थॉमस वेल्च या मेथडिस्ट गृहस्थांनी प्रभुभोजनासाठी न आंबणारा द्राक्षांचा रस तयार केला आणि अनेक मंडळ्यांच्या वेदीवरून द्राक्षारसच गेला. या मंडळ्यांना गांजाचा निषेध करताना तर्काची ओढाताण करावी लागत नाही. ज्यांच्या वेदीवर द्राक्षारस कायम राहिला त्यांना मात्र अधिक सांगावे लागते. कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात अन्न, मद्य, तंबाखू आणि औषधे यांचा अतिरेक टाळण्याचा उपदेश एका परिच्छेदात आहे, आणि लगेच पुढच्या परिच्छेदात, काटेकोर उपचाराचा अपवाद वगळता, अमली पदार्थांचा वापर हाच गंभीर अपराध ठरवला आहे. म्हणजे मद्याच्या बाबतीत अतिरेक वाईट, अमली पदार्थांच्या बाबतीत वापरच वाईट. हा फरक अमली पदार्थांनी आरोग्याची आणि जीविताची अत्यंत गंभीर हानी होते या विधानावर उभा आहे, जे हेरॉइनबद्दल निर्विवाद आहे आणि अधूनमधून घेतलेल्या भांगेबद्दल तितके निर्विवाद नाही. ग्रंथ या दोहोंत भेद करत नाही, आणि ही त्याची उणीव आहे. २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी रोममध्ये अमली पदार्थविरोधी अधिकाऱ्यांच्या परिषदेपुढे बोलताना तथाकथित सौम्य पदार्थांना कायदेशीर करण्यासही विरोध केला, तो मुख्यतः व्यसनाच्या अनुभवातून. पण त्याने ही तार्किक फट बुजत नाही.

नशेतून देवाकडे जाता येते काय, हा प्रश्न ख्रिस्ती परिघाच्या काठावर सतत उभा राहिला आहे. जमैकात १८४५ पासून करारबद्ध मजूर म्हणून नेलेल्या भारतीयांबरोबर गांजा गेला, नावासकट गेला, आणि पुढे विसाव्या शतकात बायबल प्रमाण मानणाऱ्या रास्ताफारी पंथाने त्याला पवित्र वनस्पतीचे स्थान दिले; प्रकटीकरणाच्या शेवटच्या अध्यायात राष्ट्रांच्या आरोग्यासाठी असलेली झाडाची पाने ती हीच, असा त्यांचा अर्थ. जमैकाने २०१५ मध्ये या पंथीयांच्या धार्मिक वापराला कायद्याने मान्यता दिली. अमेरिकेत रास्ताफारी पंथाशी संबंधित इथिओपियन झायन कॉप्टिक चर्चच्या एका अनुयायाने अशीच सवलत मागितली, ती १९८९ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने नाकारली, आणि तो निर्णय पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी लिहिलेला आहे.

न्यायालयाचे प्रश्न वेगळे, धर्मशास्त्राचे वेगळे. संस्कार, म्हणजे ज्या दृश्य चिन्हातून देवाची कृपा मिळते असे ख्रिस्ती मानतात तो विधी, पदार्थाच्या रासायनिक गुणावर चालत नाही; प्रभुभोजनाच्या घोटभर द्राक्षारसाने कोणाला चढत नाही आणि चढावी अशी अपेक्षाही नसते. उलट करिंथच्या मंडळीत काही जण त्या भोजनात धुंद होत होते तेव्हा पौलाने त्यांना चांगलेच फटकारले. पेंटेकॉस्टच्या दिवशी शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तेव्हा बघ्यांना ते प्यालेले वाटले आणि पेत्राला सकाळचे नऊच वाजले आहेत हे निदर्शनास आणून द्यावे लागले. इफिसकरांस पत्रातही मद्याने मस्त होणे आणि आत्म्याने भरणे यांना एकमेकांसमोर ठेवले आहे. दोन्ही अवस्था बाहेरून सारख्या दिसू शकतात हे या लेखकांना ठाऊक होते, आणि म्हणूनच त्यांनी त्या इतक्या जपून वेगळ्या केल्या. ऑक्सफर्डमध्ये पौर्वात्य धर्मांचे प्राध्यापक असलेले, प्रौढपणी कॅथलिक झालेले आर. सी. झेनर यांनी १९५७ मध्ये लेखक आल्डस हक्सली यांच्या मेस्कलिन या भ्रमकारक द्रव्याच्या प्रयोगाला उत्तर देताना हाच भेद गूढानुभवाच्या अभ्यासात आणला: आपण विश्वाशी एकरूप झालो असे वाटणे आणि देवाशी प्रेमाने जोडले जाणे, या एकच गोष्टी नव्हेत.

भारतात हा प्रश्न वेगळ्या बाजूने आला, आणि त्याचा कागदोपत्री पुरावा मोठा आहे. ब्रिटिश पार्लमेंटमधील सभासद विल्यम केन हे बाप्तिस्ट आणि मद्यनिषेधाचे खंदे पुरस्कर्ते. त्यांनी १८९३ मध्ये गांजाच्या परिणामांविषयी सरकारला प्रश्न विचारला आणि त्यातून भारतीय भांग-गांजा आयोग नेमला गेला. आयोगाने ११९३ साक्षीदारांची मते घेतली, ज्यांत मिशनरीही होते, आणि १८९४ च्या अहवालात निष्कर्ष दिला की, बेताचा वापर हाच सर्वसाधारण प्रकार असून त्यापासून जवळजवळ काहीच अपाय होत नाही, अतिरेक मात्र घातक आहे. म्हणजे ख्रिस्ती नीतिनिष्ठेने सुरू केलेल्या चौकशीने परंपरेचे जुने विभाजनच, वापर आणि अतिरेक असे, आकडेवारीने पुढे ठेवले. कपूरथळ्याच्या राजघराण्यातील, स्वतः ख्रिस्ती झालेले कंवर हरनाम सिंग या आयोगाचे सदस्य होते.

अहवालाला जोडलेल्या एका टिपणात मुंबईचे जमीन महसूल, जकात व अफू खात्याचे कलेक्टर जेम्स कॅम्बेल यांनी हिंदूंच्या दृष्टीने भांगेचे धार्मिक महत्त्व विलक्षण सहानुभूतीने वर्णन केले आहे: शिवाला प्रिय असलेली, पानात रक्षक देवतेचा वास असलेली, प्रवाशाला आणि तपस्व्याला धीर देणारी वनस्पती, तिच्यावर बंदी घातल्यास लोकांना मोठे दुःख होईल, असा त्यांचा अभिप्राय. हेच कॅम्बेल 'मुंबई गॅझेटिअर'चे संपादक, आणि ज्या जॉन मॅक्लाउड कॅम्बेल यांना ख्रिस्ताचे प्रायश्चित्त सर्व मानवांसाठी आहे असे शिकवल्याबद्दल स्कॉटलंडच्या चर्चने १८३१ मध्ये पाळकपदावरून काढले त्यांचे ते चिरंजीव. बापाच्या व्यापक देवाचा मुलाच्या टिपणाशी संबंध जोडण्याचा मोह होतो. पुरावा नसल्याने तो आवरलेला बरा.

धर्मांतरित मराठी कुटुंबासमोर मात्र कॅम्बेल यांचे टिपण उलट बाजूने उभे राहते. बैराग्याच्या चिलमीतला गांजा आणि महाशिवरात्रीची भांग ही ज्याच्या लेखी सोडून आलेल्या उपासनेचा भाग आहे त्याच्यासाठी प्रश्न नशेचा नसून नैवेद्याचा आहे, आणि त्याचे शास्त्र करिंथकरांस पहिल्या पत्राच्या आठव्या ते दहाव्या अध्यायांत आहे. मूर्ती म्हणजे काहीच नव्हे, म्हणून तिला वाहिलेले मांसही मांसच, हे पौल मान्य करतो. पण ज्याची विवेकबुद्धी अजून जुन्या सवयीत आहे तो ते पाहून ठेचाळणार असेल तर आपण कधीच मांस खाणार नाही, असेही म्हणतो. यावरून मराठी मंडळीत भांग टाळणे योग्य ठरते, परंतु ते सर्वत्र आणि सर्वकाळ पाप ठरत नाही. नशांमधली रेषा बरेचदा संस्कृतीच आखते, याचा दाखला जवळच आहे: गोव्याच्या कॅथलिक घरात लग्नाच्या मेजावरची फेणी कोणाला खटकत नाही, मिशनच्या शिस्तीत वाढलेल्या देशावरच्या प्रॉटेस्टंट घरात तीच खटकते, आणि दोघेही एकच बायबल वाचतात. मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यानेही धार्मिक विधीच्या द्राक्षारसाला परवानगीची वाट ठेवली होती.

औषधाबाबत मतभेद कमी आहेत. वधस्तंभावर येशूला बोळ मिसळलेला द्राक्षारस दिला असता त्याने तो घेतला नाही, यावरून वेदनाशमन नाकारणे श्रेष्ठ असे काही भक्तिपर लेखनात सुचवले जाते. पण तो नकार एका अद्वितीय कार्यातला आहे, रुग्णांसाठी नियम नव्हे. १९५७ मध्ये पोप पायस बारावे यांनी भूलतज्ज्ञांना स्पष्ट सांगितले की, वेदना सोसणे हे ख्रिस्ती माणसावर बंधनकारक नाही आणि शुद्ध मंदावणारी औषधे योग्य कारणाने घेता येतात. अमेरिकेतील एपिस्कोपल चर्चने १९८२ मध्येच गांजाच्या वैद्यकीय वापराला पाठिंबा दिला. २०१७ मध्ये तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या अहवालाने प्रौढांतील जुनाट वेदना, केमोथेरपीची मळमळ आणि मल्टिपल स्क्लेरोसिसमधील स्नायूंचा ताठरपणा यांवर उपयोगाचा भक्कम पुरावा मान्य केला, आणि त्याच अहवालाने वारंवार सेवनाचा मनोविकृतीशी असलेला संबंधही नोंदवला. खरी अडचण कर्करोगाच्या रुग्णापाशी येत नाही. ती येते झोप न लागणाऱ्या, कामाने पिचलेल्या, स्वतःच स्वतःचा वैद्य झालेल्या माणसापाशी, कारण काटेकोर उपचार कुठे संपतो आणि नुसती सुटका कुठे सुरू होते हे सांगणारा डॉक्टर त्याच्या व्यवहारात नसतोच.

पाप आणि गुन्हा यांत अंतर राखणे हेही परंपरेचेच शिक्षण आहे. मानवी कायद्याने सगळे दुर्गुण दडपू नयेत, प्रामुख्याने इतरांना इजा करणारेच दडपावेत, असे अक्वायनस सांगतात. २०१२ मध्ये अमेरिकेतील अत्यंत सनातनी दूरचित्रवाणी उपदेशक पॅट रॉबर्टसन यांनी, आपण गांजाला कधी शिवलो नाही असे सांगून, त्याला मद्याप्रमाणेच कायदेशीर करावे असे म्हटले, कारण किरकोळ गुन्ह्यासाठी तरुणांनी तुरुंग भरलेले त्यांना दिसत होते. पुढच्याच वर्षी अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनच्या अहवालाने दाखवले की, गांजा बाळगल्याबद्दल कृष्णवर्णीयांना अटक होण्याचे प्रमाण गोऱ्यांच्या ३.७३ पट आहे, जरी दोघांतील वापर जवळपास सारखाच असला तरी. शेजाऱ्यावर प्रेम करायला सांगणारा धर्म या आकड्याकडे पाठ फिरवू शकत नाही. पण तोच धर्म नव्या व्यापाराकडेही पाठ फिरवू शकत नाही, कारण हा व्यापार अधूनमधून झुरका घेणाऱ्यावर जगत नाही, रोज ओढणाऱ्यावर जगतो, आणि एकदा चव घेतलेल्यांपैकी अंदाजे दहातला एक जण परावलंबी होतो हे १९९० च्या दशकापासून ठाऊक आहे. दुर्बल बंधूविषयीचे पौलाचे बोलणे करिंथच्या मांसबाजाराइतकेच कोलोरॅडोतील डेन्व्हरच्या गांजाच्या दुकानालाही लागू पडते, आणि तिथे ते ग्राहकाआधी मालकाला आणि त्याच्या भागधारकांना ऐकवायला हवे.

या दुकानांत आता ओढण्याच्या गांजापेक्षा वेगळा माल वाढला आहे: गोळ्या, चॉकलेट, बिस्किटे. खाल्लेल्या टीएचसीचा परिणाम जाणवायला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ लागतो, म्हणून नवखा माणूस काहीच होत नाही असे समजून दुसरा तुकडा खातो आणि मग दोन्ही एकदम चढतात. अक्वायनस यांच्या वर्गीकरणात हा माणूस पहिल्या प्रकारात, नोहाच्या शेजारी, बसला असता. परंतु कोलोरॅडोच्या नियमाने एका तुकड्यात १० मिलिग्रॅमपेक्षा अधिक टीएचसी असू नये असे ठरवले आहे आणि किती आहे ते वेष्टनावर छापावे लागते, तेव्हा तीव्रता ठाऊक नव्हती ही सबब ते वेष्टन हातात घेतलेल्या ग्राहकाला उपलब्ध नाही.